विटकरी वेष्टनातली गोळी

मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज येऊन तेथे व्रण पडणे, शौचावाटे रक्त व आव जाणे आणि हा त्रास काही महिने शमून पुन्हा उसळणे, अशा स्वरूपाच्या विकाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्यावर प्रथम दिले जाणारे मेसालामाइन हे औषध थेट अस्तराला लागूनच काम करते. मात्र ते तसेच गिळले, तर बहुतांश लहान आतड्यातच शोषले जाते. स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्त्स यांनी संधिवातासाठी पुढे आणलेल्या सल्फासालाझिनमध्ये हेच द्रव्य एका सल्फा औषधाला जोडलेले होते. ती जोडणी मोठ्या आतड्यातील जिवाणू तोडतात, आणि सुटणारे मेसालामाइन हाच त्यातील या विकारावर गुणकारी भाग असल्याचे 1977 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले. आजच्या अनेक गोळ्यांवर जिवाणूंऐवजी हे काम करणारे, बहुधा विटकरी रंगाचे वेष्टन असते, जे जठरातील आम्लात टिकते आणि आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात विरघळते. म्हणून ही गोळी कुटून, चावून वा अर्धी करून घेऊ नये. शौचात अख्खी गोळी वारंवार दिसल्यास डॉक्टरांना सांगावे.

रक्त थांबले की गोळी बंद करणे ही सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण बरे वाटत असतानाची मात्रा हीच पुढची उसळी रोखत असते. मूत्रपिंडावर क्वचित परिणाम होत असल्याने रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी अधूनमधून करावी लागते. स्टेरॉइड दिले असल्यास ते काही आठवडे घेतल्यावर एकाएकी सोडू नये; शरीराच्या अधिवृक्क ग्रंथी तोवर स्वतःचे कॉर्टिसॉल तयार करणे कमी करतात, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत आषाढातल्या आवणीच्या दिवसांत, दिवसभर वाकून कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेनची गोळी सहज आणली जाते. या विकाराच्या काही रुग्णांत अशा वेदनाशामकांनी त्रास पुन्हा भडकू शकतो. ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असले, तरी तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पनवेल-मुंबईचे तज्ज्ञ आणि गावातील डॉक्टर या दोघांनाही सर्व औषधांची एकच चिठ्ठी दाखवावी. पावसात ताप आल्यावर नवे औषध सुरू होताना तर ती हाताशी हवीच.