एकादशीची भरती

तेलगावहून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास. आमच्याकडे पाणी म्हणजे माजलगावचं धरण, नाहीतर विहीर. पोहायला शिकलो तेही पाठीला डबा बांधून विहिरीतच. तरी यंदाच्या हिवाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी कोकणातल्या हर्णैला जाऊन कयाकमधून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला गाठायचं ठरवलंय. तयारीला लागलो आणि लक्षात आलं, की या सहलीचं वेळापत्रक आमच्या भिंतीवरच टांगलेलं आहे, कालनिर्णयातल्या तिथीच्या रूपात.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ज्यांनी पाऊणकी पाठ केली आहे ते आमचे आजोबा लगेच सांगतात, अकरा पाऊणे सव्वाआठ. म्हणजे एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती, आणि साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यामागचं गणितही सुंदर आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते, आणि पृथ्वीला बारा अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. तेवढीच भरती रोज उशिरा येते. लोकांनी लक्षात ठेवायला त्याचा पाऊण तास केला. अर्थात हा अंदाजच. जागेप्रमाणे वेळ मागेपुढे होते, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवायचंच.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो. दक्षिणेला गोव्याकडे तो दोन मीटरच्या घरात येतो. जितका फरक मोठा तितकी पाण्याची ओढ जोरकस. नवशिक्या माणसाची कयाक तासाला चार-पाच किलोमीटर जाते. अरुंद जागी ओढ याच्या निम्मी असली तरी दंड भरून येतात. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाणी मवाळ. म्हणून आम्ही एकादशी धरली: पावणेसातला निघायचं, भरतीला किल्ल्यापाशी असायचं, पाणी थबकलेलं असतानाच परतायचं. काठाजवळचे खडकही त्या वेळी पाण्याखाली असतात. मात्र नेमके कुठे आहेत ते आदल्या दिवशी ओहोटीला हर्णैच्या माणसाबरोबर उभं राहून बघून ठेवायचं.

वाऱ्याचा धडा शाळेच्या भूगोलात झालेलाच आहे: रात्री जमिनीवरून मतलई वारे, दुपारी समुद्रावरून खारे वारे. पुस्तकात न सांगितलेला धोका मात्र मतलईत आहे. हा वारा जाताना पाठीशी असतो, त्यामुळे आपल्या दंडात फार ताकद आहे असं वाटत राहतं. किनाऱ्यालगत पाणी गुळगुळीत दिसतं आणि जसजसं बाहेर जाल तसतशा लाटा वाढतात. हर्णैला किल्ला हाकेच्या अंतरावर, पण किल्ला चुकला तर पुढे मोकळा अरबी समुद्र. त्यामुळे किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला जायचंच नाही, हे आम्ही आधीच ठरवलं आहे. परतताना किनाऱ्यावरचा कनकदुर्ग नजरेसमोर धरायचा.

या किनाऱ्यावर लहान वल्ह्याच्या होड्यांनी इतिहास घडवला आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला. त्यांची मोठी गलबतं वाऱ्यावर अवलंबून होती. मराठ्यांच्या उथळ होड्या वारा पडला की वल्ह्यांवर निसटून बेटाला रसद पोचवत. मराठा आरमाराचे दौलतखान आणि मायनाक भंडारी यांनी ते बेट सोडलं नाही, आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना तह करावा लागला. खांदेरी आणि सुवर्णदुर्ग दोन्ही २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण बेटावर तंबू ठोकायची हौस सोडून द्यावी लागते. सुवर्णदुर्ग केंद्र संरक्षित स्मारक आहे, तिथे रात्रीचा मुक्काम चालत नाही. तंबू किनाऱ्यावर कुणाच्या तरी वाडीत, मालकाला विचारून. पुळणीवरही नको, कारण शेजारच्या आंजर्ल्याला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला वर येतात. दिव्याच्या उजेडाला बिचकून मादी आल्या पावली परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. सुवर्णदुर्गाच्या दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव बघायला आम्ही निघालो आहोत. जिवंत कासवाची वाट अडवणं शोभणार नाही.

सराव कुठे करायचा? स्थिर पाण्यात, परवानगी असलेल्या ठिकाणी, शिकवणाऱ्यासमोर. उलटलेल्या कयाकमध्ये परत चढता येणं ही पहिली परीक्षा. विहिरीत दमलं की पायरी असते, इथे पायरी म्हणजे सोबत्याची कयाक. त्याने तुमची कयाक घट्ट धरायची, तुम्ही पाय मारत मागच्या बाजूवर पालथं पडायचं, पोट खाली दाबून ठेवत पाय आत सरकवायचे आणि मगच वळून बसायचं. घाईत उठून बसलात की पुन्हा पाण्यात. पाच वेळा सलग जमेपर्यंत हर्णैचं नाव काढायचं नाही, असं आमचं ठरलंय.

बाकी यादी छोटी: अंगात घट्ट बसणारं लाइफ जॅकेट, शिटी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन, माणशी चार लिटर पिण्याचं पाणी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक चौघांनाही पाठ हवेत. किती जण, कुठे आणि किती वाजता परत, हे सागरी पोलिसांना आणि वाडीच्या मालकांना लिहून द्यायचं. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा बघायचा. आणि द्वादशीचा दिवस मुद्दाम रिकामा ठेवला आहे. एकादशीला पहाटे बाहेर पांढरा फेस दिसला, तर त्या दिवशी कयाक वाडीतच राहील.