बांबू झाड की गवत? एका गावानं दिलेलं उत्तर

चांद्याचा इतिहास म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गोंड राजांनी बांधलेला परकोट. १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलेले बाबुराव शेडमाके. १६ ऑगस्ट १९४२ ला पेटून उठलेलं चिमूर. शाळेत आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये एवढं पाठ झालेलं असतं. पुढे १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, ही एक ओळ. त्यानंतर बातम्यांत फक्त नक्षलवाद, वाघ आणि कोळसा. मग या चाळीस वर्षांत इथल्या साध्या माणसांनी काही केलंच नाही का?

केलं की! पेसा आणि वनहक्क कायदा हे शब्द तुम्ही परीक्षेसाठी घोकता ना? ते कागदावरून जमिनीवर कसे उतरतात, हे देशाला दाखवणारं एक गाव आपल्या गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा. लेखा या गट ग्रामपंचायतीत येतं म्हणून सगळे त्याला 'मेंढा-लेखा' म्हणतात. जेमतेम पाचशे लोकांची गोंड वस्ती.

धरणापासून सुरुवात

१९८० च्या दशकात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम ही दोन मोठी धरणं होणार होती. कितीतरी गावं आणि जंगल पाण्याखाली जाणार होतं. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे त्यात होते. हे प्रकल्प मागे पडले, पण लोक एकत्र बसून बोलायला लागले ते थांबले नाहीत. 'मावा नाटे, मावा राज', म्हणजे आपल्या गावात आपलं राज, ही गोंडी घोषणा याच काळातली.

मेंढ्यात ती घोषणा भिंतीवर राहिली नाही. गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ पडली. (हे नाव नीट वाचा. आडनाव टाकून आई आणि वडील दोघांची नावं लावणारा हा माणूस जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेला.) गावाने एक वाक्य ठरवलं: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'.

वाक्य भारी आहे, पण सरकार व्हायचं म्हणजे करायचं काय?

बहुमत नाही, सर्वसहमती

इथे मेंढ्याने जे केलं ते आपल्या कॉलेजच्या कुठल्याही कमिटीला जमलेलं नाही. निर्णय मतदानाने घ्यायचा नाही, सगळ्यांचं पटल्यावरच घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. तोपर्यंत पुन्हा चर्चा. बाया-माणसं दोघंही बसणार.

तुम्ही म्हणाल, असं केलं तर काहीच ठरणार नाही. म्हणून दुसरी सोय होती, अभ्यास गट. एखादा कायदा समजून घ्यायचा असेल, तर ज्याला रस आहे त्याने यावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं. तिथे फक्त बोलायचं, समजून घ्यायचं. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तो गावकऱ्यांचाच. उशीर लागायचा. पण एकदा ठरलं की 'आम्हाला कुणी विचारलं नाही' म्हणणारा गावात उरायचा नाही.

याची परीक्षाही झाली. गावाने जंगलातलं सागवान आणून घोटुल बांधलं. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींची एकत्र जमण्याची, शिकण्याची जागा. वनखात्याने ते पाडलं. गावाने ते पुन्हा उभं केलं.

परवान्याचं पुस्तक

खरी लढाई मात्र बांबूची. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या भागातला बांबू लीजवर दिलेला होता. गावाने त्याला विरोध केला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. जंगलातला माल बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' म्हणून लिहिलेला होता. वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज, म्हणजे तेंदू आणि मोहासारखा गावाच्या हक्काचा. वनस्पतीशास्त्र विचाराल तर बांबू हे गवत! एका व्याख्येवर गावाची मजुरी अडून बसली होती.

गाव मागे हटलं नाही. कायद्याचं कलम कुठलं आणि ते काय म्हणतं, हे अभ्यास गटात आधीच झालेलं होतं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढलाही गेला.

चंद्रपूरकरांनो, तुमच्याकडेही असं गाव आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूतून गावातच काम उभं राहिलं. तेंदूपानं तोडायची नाहीत, असंही गावाने ठरवलं. त्यासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, म्हणून. हाताशी आलेला पैसा सोडायचा निर्णय सोपा नसतो. मिलिंद बोकील यांनी या दोन्ही गावांवर पुस्तकं लिहिली आहेत, 'गोष्ट मेंढा गावाची' आणि 'कहाणी पाचगावची'. कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा.

आता तुमचं काय?

ही गोष्ट संपलेली नाही. एटापल्लीच्या सुरजागडमध्ये लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि तिथे ग्रामसभांना विचारलं का, हा वाद आजही आहे. जंगल कुणाचं, हे कोर्टात आणि मंत्रालयात ठरतंच. पण गावाला कायदा माहीत असेल, तर ते गावातही ठरतं.

आणि एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातच येत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. म्हणजे अठरा पूर्ण झालेले तुम्हीसुद्धा. निवडून यावं लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे नेहमीचे दिवस. होस्टेलवरून गावी जाल तेव्हा यातला एखादा दिवस साधा. सभा खरंच भरते की नुसत्या सह्या होतात, ते बघा. सह्याच होत असतील, तर पुढच्या वेळी चार मित्र-मैत्रिणींना घेऊन जा आणि पहिला प्रश्न विचारा.