चेहरा लुळा, मेंदू कामाला

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कडेने ओघळतं. आरशात पाहावं तर अर्धा चेहरा ढिला पडलेला आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. घरात पहिला शब्द निघतो तो लकव्याचा, आणि लगेच रात्रभर चालू राहिलेल्या पंख्यावर ठपका येतो. पंखा बिचारा निर्दोष असतो. ही बहुधा बेल्स पाल्सी असते. चेहऱ्याच्या स्नायूंकडे जाणारी नस कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून येते आणि तो सगळ्यांत अरुंद जागी एक मिलिमीटरहूनही कमी रुंद असतो. नस सुजली की तिथे चेपते. यामागे हर्पिसच्या विषाणूवर अनेक तज्ज्ञांचा संशय आहे.

म्हणजे बिघाड मेंदूत नाहीच. तरीही मेंदूशास्त्रज्ञांना हा आजार फार मोलाचा वाटतो. चेहऱ्यावरचा स्पर्श मेंदूकडे नेणारी नस वेगळी आहे आणि ती शाबूत असते. मेंदू धड, स्पर्श धड, फक्त ‘हस’ हा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. हुकूम सुटला आणि काहीच हललं नाही, ही तक्रार मात्र मेंदूकडे नियमित येत राहते. अशा वेळी मेंदू काय करतो?

कॅनडात मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचालींच्या पट्ट्याचा नकाशा मांडला. त्यात हात आणि चेहरा सख्खे शेजारी आहेत. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या रुग्णांना बोटं हलवायला लावून त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. हाताचा प्रदेश चेहऱ्याच्या हद्दीत शिरलेला दिसला. पडीक जमिनीत शेजाऱ्याने नांगर घालावा, तसा! पुढे एफएमआरआय आला. हे यंत्र मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायूयुक्त रक्ताची आवक वाढली ते टिपतं. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी त्यावरून दाखवलं की हालचालीचे आणि स्पर्शाचे भाग एकमेकांशी जो ताळमेळ राखतात, तोही या आजारात बदलतो.

याचा रुग्णाला उपयोग काय? नस जबर दुखावली असेल तर तिचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात आणि काही भलत्याच स्नायूला किंवा अश्रुग्रंथीला जाऊन भिडतात. मग हसलं की डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं. मेंदू जुन्याच पत्त्यावर हुकूम धाडत असतो, त्याला नवा पत्ता शिकवावा लागतो. आरशासमोर बसून, दोन्ही बाजू सारख्या राहतील इतपतच, सावकाश छोट्या हालचाली करायच्या त्या यासाठी. जोर लावून तोंड वेंगाडण्याने चुकीच्या जोडण्याच पक्क्या होण्याची भीती असते. च्युइंगम चघळण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण चावण्याचे स्नायू या नसेच्या ताब्यातच नाहीत.

मेंदूच्या शिकण्याचा खरा नमुना शस्त्रक्रियेनंतर दिसतो. नस कायमची गेली असेल तर शल्यविशारद चावण्याच्या नसेची फांदी हसण्याच्या कामी लावतात. सुरुवातीला रुग्णाला हसायचं तर दात दाबावे लागतात. काही महिन्यांच्या सरावाने अनेकांना दात न दाबता हसता येतं.

एवढं असूनही साध्या बेल्स पाल्सीत सरसकट एमआरआय काढण्याची गरज नसते. या अभ्यासांतून अजून तरी एकही औषध निघालेलं नाही, आणि स्कॅनच्या बिलाने नस लवकर बरी होत नाही. कोपनहेगनमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या नोंदींत औषधाविना सुमारे ७१ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. स्कॉटलंडमधल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांत बरे झाले. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होतं.

म्हणून तोंड वाकडं झालं की आधी भुवया उंचावून पाहा. एका बाजूच्या कपाळावर आठ्याच पडत नसतील तर बहुधा नसेचा दोष आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि न मिटणाऱ्या डोळ्याला जपा. आठ्या दोन्हीकडे नीट पडत असतील, किंवा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा मात्र एक मिनिटही न दवडता मोठं रुग्णालय गाठा, तिथे मेंदूचा स्कॅन लागतोच.