'युआन-जी' हा शब्द कोणासाठी?

आपल्या घरचे कोणी गेले की पत्रिकेवर आपण 'कैलासवासी' छापत नाही, 'कालकथित' छापतो. का, ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. चिनी भाषेतही मृत्यूचे शब्द असेच तोलून वापरावे लागतात. त्यातही बौद्ध विद्यार्थी हमखास चुकेल असा शब्द म्हणजे 'युआन-जी'.

'युआन' म्हणजे गोल, यावरून परिपूर्ण. 'जी' म्हणजे निःशब्द शांतता. 'निर्वाण' या शब्दाचा नाद ठेवून घडवलेला 'न्ये-पान' हा शब्द चिनीत आहेच. 'युआन-जी' मात्र अर्थावरून घडवला आहे. शब्दकोशात त्याच्यापुढे 'परिनिर्वाण' असा अर्थ सापडतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

६ डिसेंबर हा आपण बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन म्हणतो. चिनी पाहुण्यांसाठी माहितीफलक लिहिणारा विद्यार्थी कोश पाहून तेथे 'युआन-जी' लिहील. भावना खरी, पण चिनी वाचकाला वाटेल, डॉ. आंबेडकर चीवरधारी भिक्खू होते! कारण रूढ वापरात हा शब्द भिक्खू, भिक्खुणी आणि लामा यांच्यासाठी राखलेला आहे. १९८९ साली दहावे पंचेन लामा गेले, ५ फेब्रुवारी २०२३ रोजी तैवानमधील फो ग्वांग शानचे संस्थापक भिक्खू शिंग युन गेले, तेव्हा 'युआन-जी' हाच शब्द लिहिला गेला. बाबासाहेब उपासक होते. त्यांच्यासाठी 'शि-शि' हा 'निधन' या अर्थाचा आदरयुक्त शब्द योग्य. तेवढ्याने आपले समाधान होत नाही, हे आम्हीही मान्य करतो. म्हणून आम्ही असे सुचवतो की आधी 'शि-शि' लिहावे आणि पुढच्या स्वतंत्र वाक्यात, अनुयायी या दिवसाला महापरिनिर्वाण दिन म्हणतात, हे सांगावे.

घरगुती बोलण्यात 'वारले' या अर्थी 'छ्यू-शि' चालते. कोणा चिनी मित्राचे वडील वारले तर पत्रात 'युआन-जी' घालू नये, मग ते कितीही श्रद्धाळू असोत.

आता उच्चार. 'युआन' चढत्या सुरात, 'जी' उतरत्या सुरात म्हणावे. दुसरे अक्षरही चढत्या सुरात म्हटले की 'मूळ गाव' असा अर्थाचा निराळाच शब्द होतो, आणि लिहिण्याची अक्षरेही वेगळी. एखाद्या वृद्ध भिक्खूंना त्यांचे मूळ गाव विचारताना विद्यार्थ्यांनी सुराकडे लक्ष ठेवलेले बरे!