एका सामन्याचा हंगाम

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम म्हणजे पेठापेठांतली ईर्षा, शाहू स्टेडियमवरची गर्दी आणि महिनोन्‌महिने चालणारे सामने. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या कॉलेजच्या संघाचा हंगाम एका दुपारीतही आटोपतो. बाद पद्धतीचं गणितच तसं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सोळा संघ उतरले, तर आठांना पहिल्याच सामन्यानंतर बॅगा भराव्या लागतात. पुढचा सामना थेट पुढच्या वर्षी.

त्या दुपारची तयारी मात्र पावसाळ्यातच सुरू होते. आधी कागद गोळा करायचे: बारावीची गुणपत्रिका, बोनाफाईड, प्राचार्यांची सही. मग माणसं. खेळाचे सर कबड्डीतला दणकट गडी बचावाला उभा करतात आणि व्हॉलीबॉलमधल्या उंच पोराला गोलात. यात कमीपणा काही नाही. लहान कॉलेजात तीच सात-आठ पोरं सगळे खेळ खेळतात.

खरी झुंज मातीशी. इथली काळी जमीन पावसात बुटाच्या स्टडमध्ये अशी गच्च बसते की तळवा सपाट होतो आणि पाय धरत नाही. हाफटाइमला पाणी प्यायच्या आधी पोरं काडीने बूट कोरत बसतात. ऊन तापलं की तीच जमीन भेगाळते आणि साधा पासही भलतीकडे उडतो. त्यात सोयाबीन काढणीला आलं की सरावाला पाच-सहाच जण उरतात. घरी मळणी सुरू असताना पोराला ग्राउंडवर पाठवायला कुठल्या बापाचं मन होईल? खुद्द हिंगोलीत तर दसऱ्याला रामलीला मैदानच प्रदर्शनाचं होतं. दीडशे वर्षांहून जुना तो उत्सव. त्याच्यापुढे फुटबॉलने हट्ट धरू नये हेच बरं.

तसं हिंगोली गाव फुटबॉलच्या मोठ्या नकाशापासून नेहमीच लांब नव्हतं. हैदराबादशी त्याचं नातं जुनं: निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं तिचीच. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला, तेव्हा हिंगोली हैदराबाद राज्यातच होती. म्हणजे तो आपल्या राज्याचा संघ! १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोब्बर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आणि हॅटट्रिक मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची. जुनं राज्य आणि नवं राज्य, दोन्ही एकाच विजयात. एवढा योग जुळूनही त्या खेळाचा वारसा मराठवाड्याच्या वाट्याला फारसा आला नाही. खेळ हैदराबादच्या पोलीस लाइनीत रुजला होता. सरहद्द बदलली म्हणून मैदानं आणि प्रशिक्षक इकडे थोडेच येणार होते!

आजची वाट नांदेडला जाते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोव्यातल्या विद्यापीठांशी गाठ पडते. म्हणून हरलेल्या संघातलाही एखादा चपळ पोरगा सामना संपल्यावर निवड समितीच्या आसपास घुटमळतो. बाकीचे एसटी धरतात. सरांच्या डोक्यात तोवर वेगळाच हिशेब सुरू झालेला असतो: गोलकीपर शेवटच्या वर्षाला आहे, आता व्हॉलीबॉलच्या नव्या पोरांत उंच कोण?