ताम्हणाचे तीन उन्हाळे

ताम्हणाचं बोंड सुपारीएवढं असतं आणि वाळलं की लाकडासारखं कडक होतं. हिवाळा सरता सरता ते टोकाकडून सहा फाकांत उकलतं. आत तपकिरी बिया दाटीवाटीने बसलेल्या असतात, प्रत्येक बीला कागदासारखा पातळ पंख. एवढ्या हलक्या, की श्वास लागला तरी तळहातावरून उडतात. म्हणून बोंडं फोडायला मी पंखा बंद करून बसतो.

आमच्या पुण्यातल्या गल्लीत आज उभा असलेला ताम्हण अशाच एका बीपासून आला. जानेवारीत वाळू, माती आणि चाळलेलं शेणखत सारखं मिसळून ट्रे भरला, वर बिया विखुरल्या आणि त्या जेमतेम झाकतील एवढीच माती भुरभुरली. तिसऱ्या आठवड्यात कोंब दिसले. हौसेने पाणी जास्त घातलं गेलं आणि निम्मी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. त्यानंतर माती बोटाने चाचपल्याशिवाय पाणी घालायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नाही.

पिशवीतलं रोप कमरेएवढं झालं, तेव्हा पुढच्या जूनमध्ये लावलं. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यातच खणून उन्हात तापू दिलेला. पिशवी फाडली तर मुळं तळाशी गोल गोल वेटाळलेली. ती हलक्या हाताने मोकळी केली, फार गुंतलेली कापली. हे न करता लावलेलं झाड वरून तरारलेलं दिसतं, पण मुळं त्याच वेटोळ्यात अडकून राहतात आणि मोठं झाल्यावर एखाद्या वादळात ते कलंडतं.

ताम्हण मुळात पाण्याकाठचं झाड. कोकणात ओढ्यांच्या कडेला ते आपलं आपण वाढतं. आमच्याकडे हातभर मातीखाली मुरूम. तेव्हा पहिले तीन उन्हाळे त्याला जपावं लागलं. रोज घोटभर पाणी दिलं की मुळं वरच रेंगाळतात. त्यापेक्षा चार दिवसांनी दोन बादल्या, आळं भरून. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं जाड थर, खोडाला न टेकवता. शेजारच्या आजी भाज्या धुतलेलं पाणी आणून ओतायच्या. मी गावाला गेलो तर फोनवर सांगायच्या, "काळजी करू नकोस रे, आज घातलंय मी."

सावली हवी असेल तर झाडाला वळण लावावं लागतं. ताम्हण मोकळा सोडला तर बुडापासून फुटतो आणि झुडूप होतो. खालच्या फांद्या दरवर्षी दोन-तीनच काढल्या, पावसाळा संपल्यावर, धारदार करवतीने. एकदम सगळ्या काढल्या तर खोड बारीक राहतं. आता पहिली फांदी आठ फुटांवर आहे आणि तिच्याखाली भाजीवाली तिची हातगाडी लावते.

सहाव्या वर्षी, एप्रिल संपताना, फांद्यांच्या शेंड्यांवर कळ्यांचे तुरे आले. फूल खालून वर उमलत जातं. सहा जांभळ्या पाकळ्या, चुणीदार, नुकत्याच पेटीतून काढलेल्या रेशमी वस्त्रासारख्या, मधे पिवळ्या केसरांचा झुपका. हे महाराष्ट्राचं राज्यफूल, आणि १ मे, महाराष्ट्र दिन, त्याच्या ऐन बहरात येतो. पण पावसाळ्यापूर्वीची छाटणीही नेमकी याच दिवसांत निघते आणि तुऱ्यांनी लगडलेल्या फांद्या ट्रॅक्टरमध्ये जातात. तारांना लागणारी फांदी काढावीच लागते, ते मला मान्य आहे. पण तारांपासून दूर असलेल्या झाडाची छाटणी बहर ओसरेपर्यंत सहज थांबू शकते.

आणखी एक. दोन गल्ल्या पलीकडच्या ताम्हणाला रोप असताना आधाराच्या काठीशी तारेने बांधलं होतं. काठी गेली, तार राहिली. साल तिच्यावर चढली आहे, वरचा भाग सुजला आहे, खालचा बारीक. ते झाड आता वाचेल असं मला वाटत नाही. आपल्या दारासमोरच्या झाडाची जाळी, दोरी, तार आजच जाऊन पाहा. खोडाला टेकली असेल तर लगेच सोडवा, आणि बुडाशी सिमेंट ओतलेलं असेल तर निदान हातभर माती मोकळी करून घ्या.