भंगारातील वायर : सोलावी की तशीच विकावी?

नोएडातील कारखाने, कार्यालये आणि दुरुस्तीची दुकाने यांतून सतत टाकाऊ वायर निघते. ती सोलून तांबे वेगळे काढणे परवडते की नाही, हे मुख्यतः तारेच्या जाडीवर ठरते. तांब्याची घनता दर घनसेंटीमीटरला ८.९६ ग्रॅम असल्याने, १ किलो तांब्यासाठी ४ चौरस मिलिमीटर छेदाची सुमारे २८ मीटर वायर पुरते, १ चौरस मिलिमीटरची सुमारे ११२ मीटर लागते, तर उपकरणांतील ०.१४ चौरस मिलिमीटरची बारीक वायर जवळजवळ ८०० मीटर सोलावी लागते. श्रम लांबीनुसार वाढतात, मोबदला मात्र वजनावरच मिळतो.

म्हणून प्रथम थोडा नमुना सोलून ताम्रांश, म्हणजे एकूण वजनातील तांब्याचे प्रमाण, काढावा. त्याला सोललेल्या तांब्याच्या भावाने गुणून त्यातून न सोललेल्या वायरचा भाव वजा केल्यास किलोमागचा फायदा कळतो, आणि तो खर्ची पडणाऱ्या वेळेच्या मजुरीपेक्षा कमी असेल तर वायर तशीच विकणे शहाणपणाचे ठरते. तार खरवडल्यावर आत पांढरा धातू दिसला, तर मात्र ती सहसा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते, आणि तिला हा हिशेब लागू होत नाही.

आवरण जाळण्याचा मार्ग मात्र पूर्णपणे टाळावा, कारण पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या ज्वलनातून हायड्रोजन क्लोराइड आणि अतिविषारी डायॉक्सिन बाहेर पडतात. बारीक वायर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे.